होन्नावरला कधी जावं

९ जून
शाळा कायमची सुटून नऊ दिवस झाले. सव्वादहा वाजले की अजूनही उठून उभी राहते. घंटा कुठेच वाजलेली नसते. मग कपाट आवरते, तेच कपाट.

आज अंघोळ घालताना अव्वा बोलली. एप्रिलमध्ये तिची उजवी बाजू गेली, त्यानंतर पहिल्यांदाच दोन शब्द एकाला एक धरून आले. "कडलिगी होगून." 'होगून' म्हणजे जाऊ या, एवढं मला कळतं. मराठी तिच्यातून एका दुपारीत पुसली गेली. साठ वर्षं या घरात ती आमच्याशी मराठीत बोलली. आता उरली आहे ती दुधनीची, माहेरची कानडी. मला कानडी येते ती जेवायला बोलावण्यापुरती. अप्पांना घरात कानडी चालत नसे.

"कडली म्हणजे काय, अव्वा?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "कडलिगी," पुन्हा म्हणाली. जीभ जड आहे, शब्दांच्या कडा झिजल्यासारख्या येतात.

संध्याकाळी सात रस्त्याच्या हॉटेलात तिच्यासाठी इडली आणायला गेले. गल्ल्यावर अडिगा असतात. होन्नावरचे, तीस वर्षं सोलापुरात. त्यांना विचारलं. ते गल्ल्यावरून उठलेच.

"कडलू! बाई, कडलू म्हणजे समुद्र. कडलिगे होगोणा. समुद्राला जाऊ या. आई असं म्हणली? माझे अंगावर काटा आली बघा."

माझ्याही अंगावर आला. एकतीस वर्षं मी सहावीला शिकवलं, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. फळ्यावर निळ्या खडूनं बाण काढले. समुद्र मी पाहिलेला नाही.

१० जून
अव्वाला समुद्रावर न्यायचं. ठरलं.

१६ जून
ठरलं म्हणजे कधी, ते ठरलेलं नाही.

अडिगा म्हणतात पावसात चला, आत्ताच. "जुलैला आमचे समुद्र आवाज करते ना, भिंतीवरची देवाची फोटो हलते. तेच खरी समुद्र. हिवाळ्यात काय, तलाव असते." त्यांची बहीण होन्नावरला असते. खाडीजवळ घर आहे, मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत.

डॉक्टर म्हणतात पावसात अजिबात नको. त्यांनी बोटावर मोजून दाखवलं. ओल नको, ऊन नको, पहाटेची थंडी तर नकोच, थंडीत प्रेशर चढतं. वर्षभरात एक प्रवास झेपेल. मी विचारलं, मग बरा हंगाम कोणता? ते म्हणाले, "बरा हंगाम बघा, पण फार बघत बसू नका."

याचा अर्थ मला कळला. दवाखान्यातून निघून घरी यायच्या ऐवजी पार्क मैदानाला दोन फेऱ्या मारल्या.

२ जुलै
चौकटीच्या कागदावर तक्ता केला आहे. बारा महिने. पाऊस निळा, ऊन लाल, दमटपणा हिरवा. होन्नावरला जून, जुलै, ऑगस्ट निळ्यानं इतके भरले की पेन्सिलीला टोक करावं लागलं.

तक्ता अव्वाला दाखवला. तिनं डाव्या हातानं तो बाजूला केला आणि गोधडीची कड खुडायला लागली. हे तिचं नवीन आहे. अंगठा आणि पहिलं बोट, चिमटीत धरून खुडते, पुढे सरकते, पुन्हा खुडते. दोरे निघाले आहेत. डॉक्टर म्हणाले, बोटांचा व्यायाम होतोय, करू द्या.

रात्रीच्या जेवणाआधी पुण्याहून शिवयोगीचा फोन. त्याला समुद्राचं सांगितलं.

"अव्वाला समुद्र? ताई, ती कंबर तलावाच्या कठड्याला हात लावत नव्हती. आपल्याला ओढून घ्यायची."

"आता म्हणते आहे. रोज म्हणते."

"तुला जायचंय तर तू जा की. रिटायर झालीस, कोण अडवतंय? तिच्या नावावर कशाला तिकीट काढतेस?"

मी फोन ठेवला. त्याला काय कळतंय. वर्षातून दोनदा येतो, येताना चितळ्यांची बाकरवडी आणतो आणि अव्वाला चावता येत नाही हे त्याला प्रत्येक वेळी नव्यानं समजतं.

२१ जुलै
आज तिसरा शब्द. "हुळी." हुळी म्हणजे आंबट, हे मला येतं. लिंबाचं सरबत दिलं, थुंकली. ताक दिलं, तोंड फिरवलं. चिंचेचं सार केलं, चमचाभर घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चुकीचं उत्तर देणाऱ्या पोरांकडे पाहायची.

दुपारी अंग पुसून झाल्यावर ओलं फडकं तिच्या हाताशी राहिलं. मी बादली ठेवून येईपर्यंत तिनं त्याचं टोक तोंडात धरलं होतं आणि चोखत होती. डोळे मिटलेले. मी ओढून घेतलं. साबणाचं होतं ते. तिनं ते टाकलं, कशावर तरी नाराज होऊन.

लहान मूल झाली आहे. वाचलं आहे मी, असं होतं.

१९ ऑगस्ट
घरात बसवत नाही. बॅग भरते, किती कपडे बसतात पाहण्यासाठी, आणि रिकामी करते. अव्वा पाहत असते. मी तिला समजावते: समुद्रावर वारा असतो, खारा असतो, पायाखालची वाळू सरकते म्हणतात. समुद्र, समुद्र. दिवसातून किती वेळा हा शब्द बोलते कोण जाणे. ती ऐकून घेते. मग म्हणते, "कडलिगी."

"होय गं, तेच सांगतेय."

२७ सप्टेंबर
महिन्याहून जास्त लिहिलं नाही. तिला पुन्हा झटका आला, लहान. तीन दिवस दवाखान्यात. डावा हात वाचला, शब्द थोडे कमी झाले. 'कडलिगी' राहिला.

ऑक्टोबर ठरवत आणला होता. खोडला. तसंही अडिगांची बहीण म्हणते ऑक्टोबरला दुपारनंतर विजा पडतात, हवा उकडते, पाहुणे पळून जातात.

जूनमध्ये नेलं असतं तर. अडिगा म्हणत होतेच.

तक्त्यात मी सगळं घातलं आहे, एक सोडून. अव्वाचं काय, कुठल्या महिन्यापर्यंत, तो रंग माझ्याकडे नाही.

११ नोव्हेंबर
६ फेब्रुवारी. पक्कं. डिसेंबरात सहलींची गर्दी, जानेवारीत पहाटे गार, मार्चपासून चिकट. फेब्रुवारीचा पहिला आठवडा सगळ्या रेघांच्या खाली येतो. अडिगांच्या बहिणीला खोल्यांसाठी कळवलं. गल्लीतल्या गौसची गाडी ठरवली, दोन दिवसांत नेणार, हुबळीला मुक्काम. गौस म्हणाला, "टीचर, आम्मा को पीछे सुलाके ले जातूँ मैं. फूल के वैसा."

आज पहिल्यांदा दुपारी झोप लागली.

२२ डिसेंबर
दुधनीहून गौरम्मा मावशी आली. अव्वाची धाकटी बहीण, पंचाहत्तरची, एसटीनं एकटी येते. कानानं कमी ऐकते, म्हणून फोनवर तिच्याशी बोलणं होत नाही. आल्या आल्या पिशवीतून ज्वारीच्या कण्या काढल्या आणि मला म्हणाली, "किती वाळलीस गं. मास्तरीण हुतीस तवा बरी हुतीस."

अव्वाच्या पलंगावर जाऊन बसली. अव्वानं तिचा हात धरला आणि म्हणाली, "कडलिगी होगून."

मावशी हसली. हसता हसता पदर डोळ्याला लावला. दोघी कानडीत काही बोलल्या, म्हणजे मावशी बोलली आणि अव्वा मान हलवत राहिली.

मी चहा ओतत होते. "जाणार आहोत मावशी," मी मोठ्यानं म्हटलं. "समुद्रावर. फेब्रुवारीत."

"कुटं?"

"समुद्रावर. तीच म्हणते ना, कडलू."

"समुद्राला आमी समुद्रच म्हणतो की," मावशी म्हणाली. "कडलू बिडलू हितं कोण म्हणतंय? कडली म्हणतीया ती. कडली म्हंजी हरबरा. हरबऱ्याला जाऊ म्हणतीया."

मी किटली खाली ठेवली.

"पोरी हुतो तवाची गोष्ट हाय. थंडीत सांजच्याला हरबऱ्यावर धुतलेलं धोतर पसरायचं. पाटंला दवानं आन् पाल्याच्या आंबंनं ते भिजून जड हुयाचं. मग पिळून घ्यायचं, बाटलीत भरून ठेवायचं. वरीसभर पोटदुखीला. आक्काच जायाची पिळायला. आदी सोता चोखायची, मग बाटलीत. आमची अव्वा लई मारायची तिला. दात आंबत्यात, नवरा मिळायचा न्हाई म्हणून." पुन्हा हसली. "आता अमाशीला आण की तिला. वेळा अमाशीला समदी रानात असत्यात. भज्जी हाय, अंबील हाय. कडली बी हाय."

"थंडीत तिला बाहेर नेता येत नाही. फेब्रुवारीत समुद्रावरून आलो की येऊ."

"फेब्रुवारीला काय ऱ्हातंय गं रानात? काडून मळून हुतंय. समुद्र कुटं जातुया?"

२३ डिसेंबर
जूनमध्ये मी मावशीकडे का गेले नाही? गाडीनं दोन तासांचं अंतर. तिला कमी ऐकू येतं, पण समोर बसून मोठ्यानं विचारता आलं असतं. मी एका शब्दासाठी हॉटेलच्या गल्ल्यावर गेले, कारण ते वाटेत होतं. आणि नंतर कुणालाच विचारलं नाही, कारण उत्तर मला आवडलं होतं.

खुडत होती. हरभऱ्याचे शेंडे खुडत होती. फडकं चोखत होती. मी साबणाचं म्हणून ओढून घेतलं.

२६ डिसेंबर
तरी लिहून ठेवते. डॉक्टर म्हणाले एक प्रवास. दुधनी जवळ आहे, पण पहाटेच जावं लागेल. ऊन चढलं की आंब वाळते. पहाटेच्या थंडीला त्यांनी सगळ्यात ठामपणे नाही म्हटलं होतं. दुधनीला तिला काही झालं, तर होन्नावर नाही. होन्नावरला नेलं, तर हरभरा पुढच्या थंडीत. पुढची थंडी कुणी पाहिली आहे?

मी कोणाला काही सांगितलेलं नाही. शिवयोगीला नाही. अडिगांना नाही. ते रोज विचारतात, बाई, किती दिवस राहिले? मी सांगते, बेचाळीस.

अव्वाला खुडताना मला आता पाहवत नाही. मी गोधडी बदलली. जिला कड नाही अशी चादर घातली. हे मी केलं.

३० डिसेंबर
वेळा अमावास्या. गेले नाही. सकाळी धुकं होतं, तेवढं कारण पुरलं.

दुपारी गौस आला. दुधनीला भाडं घेऊन गेला होता. हातात डबा. "मौसी दी. आजच खिलाव बोलके बोली."

भज्जी होती, शेंगा, भाज्या, हरभऱ्याचा पाला, सगळं एकात शिजवलेलं. झाकण उघडल्याबरोबर अव्वाचं डोकं उशीवरून उठलं. मी भरवायला चमचा घेतला, तर तिनं डावा हात डब्यात घातला. एप्रिलनंतर पहिल्यांदा ती स्वतःच्या हातानं जेवली. हनुवटीवर, गळ्यावर सगळं. मी पुसलं नाही.

संपल्यावर बोट डब्याच्या तळाशी फिरवून मला म्हणाली, "कडली." आज शेवटी 'गी', म्हणजे आपला 'ला', नव्हता. मला शिकवत होती. वस्तू दाखवून नाव सांगतात तसं.

"कडली," मी म्हटलं.

२ जानेवारी
अडिगांना सांगितलं. गल्ल्यावर गिऱ्हाईक नव्हतं.

"हरभरा?" ते म्हणाले. सुट्टे पैसे लावायला लागले. "आमचेकडं हरभरा होत नाही ना, बाई. कडलू ऐकलं की मला एकच दिसते." मग म्हणाले, "म्हणजे तिची हरभरा मीच समुद्र केली."

"तुम्ही नाही," मी म्हटलं.

"खोल्या राहू देत की नको? बहीण चादरी धुतली सगळ्या."

इडल्या घेतल्या आणि निघाले. पैसे द्यायचे राहिले, अर्ध्या वाटेतून परत गेले.

शिवयोगीलाही फोन केला. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, "कडली ना, मला माहीत होतं गं तो शब्द. तू कधी मला शब्द सांगितलाच नाहीस, ताई. समुद्र म्हणाली, एवढंच सांगितलंस."

खरं आहे.

७ जानेवारी, दुधनी
दुपारच्या उन्हात गौसच्या गाडीनं आलो. वाटभर ती काचेला कपाळ लावून होती. अक्कलकोट मागे पडल्यावर काळं रान आलं आणि तिचा हात माझ्या मांडीवर खुडायला लागला. मी तो तिथेच राहू दिला.

संध्याकाळी मावशीचा मुलगा प्रभू हरभऱ्यावर धोतर पसरून आला. घरून मी अप्पांचं आणलं होतं. ट्रंकेत तेच एक शाबूत होतं.

मावशी अव्वाचे पाय चेपत म्हणाली, "तू जा तुझ्या समुद्राला. आक्का ऱ्हाऊ दे हितंच. मी हाय, सून हाय. दोगी म्हाताऱ्या भांडत बसतो."

"तिच्यासाठी होतं ते, मावशी."

"व्हय?" मावशी म्हणाली. तिला कमी ऐकू येतं, की नाही, ते कधी कधी कळत नाही.

तिनं ते अव्वाला कानडीत सांगितलं असावं. एक शब्द मला कळला. समुद्र.

८ जानेवारी, दुधनी
सहाला प्रेशर पाहिलं. दीडशे. डॉक्टरांना फोन केला नाही. दोन शाली, माकडटोपी, पायात प्रभूचे मोजे. प्रभूनं तिला खुर्चीसकट उचलून बांधावर ठेवलं. रान ओलं, करडं. वास आला, तो कशासारखा ते मला सांगता येत नाही. मी तो आधी कधी घेतला नव्हता.

धोतर जड झालं होतं. दोन टोकं प्रभूनं धरली, दोन मावशीनं, आणि पीळ घालायला लागले. तांब्यात धार पडली. अव्वा खुर्चीतून पुढे झुकली. "इल्ली ता," म्हणाली. इकडे आण. शब्द स्वच्छ, एकही कड न झिजलेली.

मावशीनं टोक तिच्या हातात दिलं. अव्वानं ते तोंडात धरलं. डोळे मिटले. आंबटानं तोंड असं वाकडं झालं की एप्रिलपासून खाली लोंबणारी उजवी बाजू आणि डावी बाजू पहिल्यांदा सारखी दिसली.

"दात आंबतील, आक्का," मावशी मोठ्यानं म्हणाली. "नवरा मिळायचा न्हाई!"

अव्वा हसली. घशातून आवाज आला तिच्या. किती वेळ चोखत होती मी पाहिलं नाही घड्याळात. थंडी होती. मी तिचे हात चोळत होते. ते गार नव्हते, माझेच होते.

मग तिनं डोळे उघडले. रान पाहिलं, प्रभूला, मावशीला, मग मला. आणि सावकाश, एक एक शब्द जागेवर ठेवत, विचारलं, "नी यावाग होगती? समुद्रक्क?"

मावशी मराठीत सांगायला लागली, मी हातानं थांबवलं. एवढं मला येत होतं. नी. तू. तू कधी जाणार आहेस, समुद्राला?

पर्समध्ये तक्ता होता. बारा महिने, तीन रंग.

"फेब्रुवारीत," मी म्हटलं. "सहा तारखेला."

तिनं मान हलवली, ठीक आहे अशी. मग धोतराचं टोक तोंडातून काढून माझ्यापुढे धरलं. अजून ओलं होतं. मी घेतलं. आधी आंबट लागलं, आणि मग जिभेच्या मागे, खारट.